सात सोनमाशांचा एक पत्ता

माझा दादा लोकांच्या माशांच्या टाक्या साफ करतो. दवाखाने, हॉटेलं, बँका, जिथे जिथे काचेमागे मासे फिरतात तिथे हा बादली, रबरी नळी आणि जाळी घेऊन हजर. कुणी धंदा विचारला की 'मासेवाला' असं सांगतो आणि समोरच्याने भाव विचारला की चिडतो. मी छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावते. तेवढ्यावरून त्याने ठरवून टाकलं आहे की बटण असलेली प्रत्येक वस्तू मला दुरुस्त करता येते.

त्याचा ईमेलचा जुना प्रोग्राम बंद होणार होता. तशी सूचना महिनाभर येत होती. ती त्याने रोज वाचली आणि रोज मिटली. अगदी गळ्याशी आल्यावर मला फोन. "माझे पत्ते आणि तारखा नव्या प्रोग्राममध्ये हलव गं. पाच मिनिटांचं तर काम आहे!"

पाच मिनिटांच्या कामासाठी माझा अख्खा रविवार गेला. जुन्या प्रोग्राममधून सगळं एका फाइलमध्ये उतरवायचं आणि ती फाइल नव्याला वाचायला द्यायची, इतकं साधं ते काम. पण फाइल उघडली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. माणसाचं एक नाव असेल तर शपथ. 'आंधळं कासव'. 'निळे, चावरे'. 'सोनमासा'. खाली पुन्हा 'सोनमासा'. असे एकूण सात सोनमासे.

"ही काय नावं आहेत, दादा?"

"ऑफिसात फोन उचलणारी मुलगी दर सहा महिन्यांनी बदलते. मासे तेच असतात. मला मासे लक्षात राहतात."

त्याने फॅक्सच्या रकान्यात टाकीचे लिटर भरले होते आणि जन्मतारखेच्या रकान्यात पंप बदलल्याची तारीख. त्यामुळे नवा प्रोग्राम सुरू होताच त्याने आनंदाने कळवलं की आज आंधळ्या कासवाचा वाढदिवस आहे. कॅलेंडरची तर दैनाच झाली. सगळ्या वेळा काही तास पुढे सरकल्या होत्या, सकाळी आठची सफाई भर दुपारी जाऊन बसली होती. मी एकेक नोंद ओढून जागेवर आणत होते आणि दादा शेजारी बसून मला सांगत होता की जुना प्रोग्राम फार गुणी होता.

त्या सात सोनमाशांतला एक म्हणजे त्याची लेक. लहानपणी तिच्या उशाशी काचेच्या भांड्यात एक सोनमासा होता, म्हणून तिचीही नोंद तशीच. वहिनी गेल्यावर दोघं एकमेकांना धरून राहिले, आणि मग लेकीच्या लग्नाच्या दिवशीच हा माणूस उशिरा पोचला. दाताच्या डॉक्टरांच्या टाकीचा पंप बंद पडला होता. सह्या झाल्या, फोटो झाले, पाहुणे पांगले, तेव्हा हा ओल्या पँटने दारात उभा. तेव्हापासून लेक बोलत नाही. दोन तासांवरच्या गावात राहते, पण फोन उचलत नाही. दादा तिला लांबलचक ईमेल लिहितो. मला वाचून दाखवतो. सगळ्यांत पंप कसा बंद पडला, मासे कसे मेले असते, याचंच पाल्हाळ. तिचं उत्तर कधी आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी तिच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

संध्याकाळी निघताना मी बजावलं, "आता कशाला हात लावू नकोस."

त्याने लावला. सारख्या नावाच्या नोंदी एकत्र करू का, असं प्रोग्रामने विचारलं आणि याने भल्या माणसासारखं 'हो' म्हटलं. सात सोनमाशांचा एकच सोनमासा झाला.

मंगळवारी डॉक्टर फोनवर त्याच्यावर उखडले. सफाईच्या आधी येणारा निरोप त्यांना आला नव्हता. दादाने लगेच मला फोन केला आणि मी छापखान्यातलं काम टाकून त्याच्याकडे धावले. पाहते तर निरोप गेला होता. डॉक्टरही त्या सात सोनमाशांतलेच एक. एकत्र झालेल्या पत्त्यांत सगळ्यात वर लेकीचा पत्ता होता, आणि डॉक्टरांचा निरोप तिला पोचला होता.

"नमस्कार. गुरुवारी सकाळी आठ वाजता येत आहे. मागच्या वेळी वेळेवर पोचलो नाही. चूक सर्वस्वी माझी, माफी असावी. या वेळी उशीर होणार नाही. बादली मी आणतो."

माझा संताप संताप झाला. "डॉक्टरांकडे एकदा उशीर झाला तर चार ओळींत माफी मागतोस! पोरीची कधी मागितलीस?"

तो म्हणाला, "डॉक्टरांची मागायला जड जात नाही गं."

चुकून गेलं, दुर्लक्ष कर, असं तिला कळवायला मी बसले. दोन शब्द लिहिले नाहीत तोच तिचं उत्तर आलं. मी ते मोठ्याने वाचलं.

"बाबा, हे दुसऱ्या कुणासाठी आहे, कळतंय मला. तरी या. आठ म्हणजे आठ."

दादाने ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग त्याचा चेहरा उतरला. "गुरुवारी आठ वाजता डॉक्टर आहेत. या वेळी चुकलं तर काम काढून घेईन म्हणालेत. सगळ्यात मोठी टाकी आहे माझी."

मला त्याला टाकीत बुडवावंसं वाटलं. "नळी आणि जाळी इथे ठेव," मी म्हटलं. "आणि अर्धंच पाणी काढायचं की सगळं, तेवढं सांग."

गुरुवारी आठ वाजता दातांच्या दवाखान्यात मी बाह्या सरसावून कोपरापर्यंत गार पाण्यात होते. बाकावर गाल सुजलेली माणसं माझ्याकडे बघत होती. डॉक्टर मागे उभे राहून सूचना करत होते. एक सोनमासा सारखा माझ्या बोटाला येऊन टोचत होता. तेवढ्यात फोन वाजला. मी ओल्या हाताने तो कानाला लावला.

दादाच होता. अगदी हळू बोलत होता. "सातपासून जिन्यात बसलोय गं. आता दार वाजवू का?"

"वाजव ना! आठ झाले!"

त्याने फोन बंद केलाच नाही, त्याला ते कधी जमत नाही. मला दार उघडल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज.

"बाबा, बादली खरंच आणलीत?"

"हो," दादा म्हणाला. "आणि माफी पण. ती तुझीच होती."

माझ्या हातातली नळी निसटली आणि डॉक्टरांचे बूट भिजले.