लायमनकाकांचे सात चर

समजा, तुमच्या हातात पाच फुटांची पोलादी सळई आहे. बोटाएवढी जाड, खाली टोक, वर आडवी मूठ. तुम्ही ओल्या कुरणात उभे आहात आणि अंगाचा सगळा भार मुठीवर टाकून ती जमिनीत घालायची आहे. पहिली वीतभर ती लोण्यात जावी तशी जाते. मग चिकण माती तिला धरून ठेवते. सुटा दगड लागला तर टोक घसरतं आणि मूठ हातात फिरते. सपाट फरशी लागली तर मनगटात ठणका येतो, आवाज कोरडा येतो. त्या फरशीखाली पोकळी असेल तर तोच आवाज जरासा लांबतो. हा लांबणारा आवाज ओळखायचा. दर फुटावर एकदा, असं दोनशे फूट. फक्त डावीकडे जास्त सरकायचं नाही. तिथे पिवळे खांब आहेत. खांबांच्या आतली जमीनही तुमचीच, पण तिच्यात सळई घालायची तुम्हाला परवानगी नाही.

लायमन टीटर हे काम दोन वर्षं करतायत. वय एकाहत्तर. माझ्या बाबांचे चुलतभाऊ, म्हणून माझे काका.

आमच्या ब्रॅडफर्ड काउंटीच्या टेकड्यांवर हात-दीड हात मातीखाली विटेसारखा कठीण थर आहे. पाणी त्यातून खाली उतरत नाही, वरच साचतं. म्हणून काकांच्या आजोबांनी खालच्या कुरणात सात चर घातले. दोन्ही बाजूंना उभे दगड, वर फरशी, त्यावर माती. सगळे तिरपे उतरत गोठ्यामागच्या दगडी डोणीत येतात. त्यामुळे कुरण कोरडं राहायचं आणि चाळीस गाईंना बारा महिने पाणी मिळायचं. नकाशा कुणी काढला नाही. काकांच्या पायांना चर ठाऊक होते. मलाही थोडे ठाऊक होते. लहानपणी त्या डोणीवर ओंजळ धरून मी पाणी प्यालेय, सात तोंडं मोजलीयत.

मग टेकड्यांच्या माथ्यावर गॅसच्या विहिरी आल्या. विहीर खोदली म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक विहिरीचा गॅस गोळा करून तो दाब देणाऱ्या केंद्रापर्यंत न्यावा लागतो, आणि त्या नळ्या लोकांच्या शेतांतूनच जातात. मी तेव्हा मोजणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून गॅस कंपनीच्या पथकात नुकतीच लागले होते. जमिनीचे करार करणारा ब्रँट स्टोव्हल ओक्लाहोमाहून आलेला. तो मला घरोघरी बरोबर न्यायचा. माझा चेहरा इथल्या स्वयंपाकघरांत ओळखीचा आहे म्हणून नेतो, हे मला कळत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

काकांच्या टेबलावर व्हर्नाकाकूंनी रुबार्बच्या आंबट देठांची गोड, भट्टीत भाजलेली पाई कापून ठेवली होती. स्टोव्हल खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "गाई काय देखण्या आहेत हो तुमच्या! आपल्याकडेच बघतायत."

"तुमच्याकडे नाही बघत," काका म्हणाले. "तुम्ही फाटक लावलंत का ते बघतायत."

"नाही लावलं," काकू म्हणाल्या. "बूट पुसण्यात दंग होते."

स्टोव्हल हसत हसत फाटक लावायला गेला. फॉर्म माझ्यापुढे होता. चौथ्या पानावर प्रश्न होता: जमिनीखाली निचऱ्याचे चर आहेत का? असल्यास किती, कुठे?

"काका, ते सात चर—"

"नाहीत. लिही."

"अहो, पण ते डोणीवर—"

"पोरी, माझ्या बापानं मला दोनच गोष्टी शिकवल्या. गाईच्या मागून जायचं नाही, आणि फळीला कागद लावून आलेल्या माणसाला जमिनीखालचं सांगायचं नाही. आजोबांनी भोळेपणानं चर दाखवले, तर कराच्या माणसानं 'निचऱ्याची उत्तम जमीन' असं लिहून कर वाढवून ठेवला. आजोबा मरेपर्यंत त्याला शिव्या देत होते."

"हा कराचा माणूस नाहीये."

"फळी तीच आहे."

"तुझ्या बापानं भाज्या खायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या.

पायरीवर बूट वाजले. मी 'नाहीत' असं लिहिलं. आमच्याकडे घरातल्या माणसाला परक्यासमोर खोटं पाडत नाहीत. स्टोव्हल आत आला, काकांनी सही केली, आणि त्यानं पाईचा दुसरा तुकडा मागून घेतला.

ऑगस्टमध्ये खोदाई आली. सोळा इंची नळी, सहा फूट खोल खंदक, सातही चरांना आडवा छेद देणारा. मी खुणेची काठी धरून काठावर उभी होते. खोदयंत्राच्या दातांत पहिली फरशी वर आली, तिच्यामागून मनगटाएवढी पाण्याची धार सुटली. मुकादमानं यंत्र थांबवलं.

"इथे चर आहे काय गं?"

त्यानंच माझ्या हातातला कागद ओढून बघितला. "नाहीत लिहिलंय. जुनी भिंत असेल. चल रे, पुढे."

मी तेव्हाही बोलले नाही. बोलले असते तर काका खोटे ठरले असते आणि मीही. कामावर लागून मला तीनच महिने झाले होते. संध्याकाळपर्यंत सात वेळा फरश्या वर आल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात नळीसकट सगळं बुजवलं गेलं. वर गवताचं बी टाकलं आणि नळीच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना पिवळे खांब रोवले. दिसायला फार छान दिसत होतं.

वसंतात बर्फ वितळला. वरून आलेलं पाणी कापलेल्या तोंडापाशी आलं आणि अडलं. खंदकाच्या वरचं कुरण दलदल झालं. काही पाणी नळीच्या कडेच्या भुसभुशीत भरावातून वाट काढत थेट खालच्या रस्त्यावर गेलं. मोजणी शिकताना आम्हाला हे शिकवलं होतं: भरलेला खंदक हाच एक मोठा चर होतो. खाली डोण कोरडी पडली. ट्रॅक्टर आसापर्यंत रुतला, त्यामुळे पहिल्या कापणीचं गवत हाती आलं नाही. गाईंचे खूर कुजू लागले. काका ओढ्यावरून टाकी भरून पाणी आणायला लागले, दिवसातून तीन खेपा.

कंपनीचा माणूस आला तेव्हा मी तिथे नव्हते. नंतर काकूंनी सांगितलं. त्यानं फॉर्मची प्रत काढून टेबलावर ठेवली.

"ही सही तुमची?"

"माझी."

"आणि हे 'नाहीत'?"

काकांनी कागद जवळ ओढून बघितला. म्हणाले, "अक्षर माझं नाही."

"मग कुणाचं?"

"माझंच समजा."

माणूस म्हणाला, फॉर्मवर नसलेल्या गोष्टीची दुरुस्ती कंपनीवर बंधनकारक नाही. तरी पट्ट्याच्या बाहेर सातही चरांची जागा नेमकी दाखवलीत, तर विचार करता येईल. काकूंनी त्याला पाई दिली नाही. एवढंच काय ते आमच्याकडून झालं.

त्या दिवसापासून काकांच्या हातात सळई आली. रविवारी मी माझं मोजणीचं यंत्र घेऊन जायचे. ते 'इथे' म्हणायचे, मी बिंदू नोंदवायचे. पहिल्या वर्षात सहा सापडले. सातवा सापडेना; डोणीतल्या त्याच्या तोंडापासून मागे गेलं की थोड्याच अंतरावर माग सुटायचा. तो सगळ्यांत मोठा, डोणीतलं निम्मं पाणी एकटा आणायचा.

"पाय विसरले," काका म्हणायचे. "वर दलदल असली की पायांना खालचं काही कळत नाही."

"डोक्याचं काय?" काकू पायरीवरून ओरडायच्या. "तिथे तर आधीपासूनच दलदल आहे!"

दुसऱ्या वर्षी बर्फ पडण्याआधी डोणीत पाणी आलं नाही तर कळप ठेवायचा नाही, असं दोघांचं ठरलं होतं. हिवाळ्यात ओढा गोठतो; पहिला हिवाळा काकांनी कुऱ्हाडीनं बर्फ फोडून टाकी भरत काढला होता, पुन्हा ते जमणार नव्हतं. सहा चरांच्या नोंदी मी कंपनीला पाठवल्या. उत्तर आलं, सातवा मिळाल्यावर एकत्र पाहू. ऑक्टोबरच्या शेवटी गाई न्यायला दोन ट्रक आले. डचेस नावाची म्हातारी गाय ट्रकला लावलेल्या फळीवर चढेना. काका तिच्या कानाशी काहीतरी बोलले आणि मागून गेले. बापाची शिकवण मोडून मागून गेले, हाताने ढकललं. तिनं लाथ मारली नाही.

आता गाई नाहीत. तरी परवा रविवारी मी गेले तर काका कुरणातच होते, पिवळ्या खांबांच्या कडेला.

"आता कशाला, काका?"

"गाई गेल्या. पाणी कुठे गेलंय?" त्यांनी सळई रोवली, कान दिला, उपसली. "शेजारच्या हॉलेनबॅकनं त्याचे चर लिहून दिले होते ना? खरे खरे?"

"तिन्ही."

"जोडून दिले त्याला?"

"प्लॅस्टिकची नळी घालून. दोन चालतायत. एक खचला."

त्यांनी हिशेब केल्यासारखी मान हलवली. मग सळईवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत त्यांनी मला खोदाईच्या दिवसाबद्दल एक शब्दही विचारला नव्हता.

"तू खंदकाच्या काठावर उभी होतीस. मुकादमाला बघितलंस, त्यांची घाई बघितलीस. तूच सांग, पोरी. मी त्या दिवशी 'सात' म्हणालो असतो, तर त्यांनी सात जोडले असते?"