पलटणीनं नाकारलेली छाती

कोरेगावाजवळच्या आमच्या गावात पोरगा वयात आला की लोक आधी त्याची छाती बघायचे. पलटणीत जाईल का, एवढाच सवाल. लढाई चालू होती, दिसेल त्याला भरती करतात म्हणे. तरी माझ्या थोरल्या भावाला छाती भरत नाही म्हणून माघारी धाडला.

वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले हवालदार. त्यांनी काय करावं? बैलाच्या दाव्याला लष्करी मापाची गाठ मारली आणि रोज न्याहारीआधी ते दावं पोराच्या छातीला लावायला लागले. छाती गाठीपर्यंत पोचली नाही की, "आज बी पोकळच!" आल्यागेल्यादेखत, माझ्यादेखत. मेलं, आठवलं तरी अंगाची लाही होते.

दादानं तालमीत हाडं झिजवली. असा भरला की दावं पुरेना. वडील म्हणाले, "सूज हाय ती." झालं! भर उन्हाळ्यात दादा दोन सदरे घालायला लागला. नदीवर अंघोळीला जाईना. पुन्हा भरतीला गेला आणि कपडे उतरवा म्हटल्यावर रांगेतून पळून आला. "आतनं पोकळ हाय गं मी," म्हणायचा. पुढं घराबाहेर पडणं सोडलं, जेवणही टाकलं.

आई नव्हती. मीच हट्ट धरून दोघांना सांगलीला नेलं. तिथं एक वेडाचे डॉक्टर होते. मनाचे डॉक्टर हा शब्द आम्हाला कुठला ठाऊक! त्यांनी दादाला आरशासमोर उभं करून काय दिसतंय ते विचारलं. दादा म्हणाला, "काटकुळा."

डॉक्टर वडिलांकडे वळले. "हा खोटं बोलत नाही. डोळ्यांना एक शरीर दिसतं, मनात दुसरंच बसलेलं असतं, आणि माणूस मनातलंच खरं धरतो. याच्या मनातलं तुमच्या बोलण्यानं बसलंय. औषधाचं नंतर बघू. आधी माझ्यासमोर एकदा म्हणा, पोरा, तू चांगला भरलेला गडी आहेस."

वडील पागोटं चाचपत बसले. आवं, बोला की! मी मनातल्या मनात ओरडत होते. दादा तर श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"डाक्टर, लबाड कसं बोलू? पलटणीनं घेतला न्हाई न्हवं त्याला?"

वडिलांवरचा राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण त्या दिवशी माझं काळीज फाटलं ते दादामुळं. तोच मान हलवत डॉक्टरांची समजूत घालत होता, "बरोबर हाय त्येंचं, सायेब. त्येंनी मला कवा खोटं सांगितलं न्हाई."