दिवा वाढवा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे – पहिली अर्धी गोष्ट सगळ्यांना सांगितली आहे. इतक्या वेळा, की घरात बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतंच, "काका, ती शेंगांची सांगा." आणि काका सांगतात. काकांना दुसरं येतं काय?

शेंगांची गोष्ट अशी. चांदवड तालुक्यातल्या एका गावी मी शाळेत गुरुजी होतो. एका उन्हाळ्यात तिथे कडब्याच्या गंज्या पेटल्या. नाशिकहून बंब निघाला खरा, पण तो पोहोचला तेव्हा राख इतकी निवली होती की तिच्यावर कुत्री झोपली होती. मग गावानं ठरवलं, आपणच आपली आग विझवायची. बारा गडी, दोन शिड्या, छपरं ओढायचे आकडे, लाल रंगवलेल्या बादल्या – काही पाण्याच्या, काही वाळूच्या – आणि पारावरच्या लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. कागदावर नाव 'आगनिवारण मंडळ'. सरपंच आबा अध्यक्ष, आणि सचिव अर्थातच गुरुजी, कारण गावात सुवाच्य अक्षर माझंच.

पहिल्या प्रात्यक्षिकाला सगळं गाव जमलं. मी पाचटाचा ढीग पेटवला, आगीचे प्रकार यावर छोटंसं भाषण केलं, आणि न बघता वाळूची बादली उचलून रुबाबात आगीवर रिकामी केली. तीत वाळू नव्हती. बादल्यांना दिवसभर ऊन चांगलं लागतं म्हणून आबांच्या सूनबाईंनी वाळू काढून ओल्या भुईमुगाच्या शेंगा वाळत ठेवल्या होत्या. आग विझली नाही. शेंगा मात्र उत्तम भाजल्या. गावानं तिथंच उभ्यानं खाल्ल्या, आणि आबा म्हणाले, "गुरुजी, म्हयन्याला एकदा आग लावत जा. मीठ आमी आणू."

इथे सगळे हसतात. आणि मी थांबतो. गेली कित्येक वर्षं मी बरोबर इथेच थांबतो.

पुढची अर्धी आज सांगतो. सरळ सांगता येईल का, ठाऊक नाही – थोडा फिरत फिरत येतो.

आग विझवण्यापेक्षा लागू न देणं बरं, हे मला पटलेलं होतं. तेव्हा मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर आम्ही सूचना रंगवायचं ठरवलं. भिंतीला पांढरा चुना, त्यावर गेरूची अक्षरं. 'कडब्याजवळ विडी ओढू नये' झालं. 'चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी शिंपडावे' झालं. तिसरी सूचना मी खडूनं लिहून पाहिली – 'घर सोडताना दिवा विझवा, आगीपासून गाव वाचवा.' आबांना स्वतःला वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचून दाखवली तसे ते दचकले.

"मारुतीच्या भितीवर? दिवा इझवा? आवो, आसं अभद्र कोन बोलतं का गुरुजी?"

त्यांचं खरंच होतं. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत. मालवतात, शांत करतात – किंवा वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळही आपण वाढवतो. मला एकदम सुचलं, 'वाढवा' लिहू! वाढवा आणि वाचवा – यमकही राहतं, अभद्रही टळतं. 'मालवा' लिहिता आलं नसतं का? आलं असतं. पण माझा मी इतका खूश झालो की ब्रश खाली ठेवून चार पावलं मागं गेलो आणि स्वतःच्याच अक्षराकडे बघत राहिलो. गावाला वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. कानानं ऐकणाऱ्याला अर्थ बरोबर कळला.

डोळ्यांनी वाचणारं कोणी येईल, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आणि ते वाचायला शिकवत कोण होतं? मीच.

दुपारी दोनला, बायकांची कामं उरकली की, देवळाच्या ओसरीवर मी प्रौढ साक्षरतेचा वर्ग घेत असे. त्यात कौतिक होती. तिशीची, माहेर सटाण्याकडचं, त्यामुळे बोलण्यात अहिराणी. 'आहे'ला 'शे' म्हणायची आणि गाव तिला हसायचं. पहिल्याच दिवशी फळ्यावरचा 'अ' बघून ती म्हणाली होती, "गुरुजी, हाऊ ते मनी सासूसारखा दिखस. पोट पुढे, काठी हातमा!" वर्ग हसून हसून लोळला. पण सगळ्यांत आधी तीच जोडून वाचायला लागली. बाकीच्या पाटीवर वाचायच्या. ही डब्यांवर, गोण्यांवर, पंचांगाच्या पाठीवर, जिथे अक्षर दिसेल तिथे थांबायची. सही करायलाही शिकली – 'कौतिक'मधला 'कौ' नेहमी ओळीबाहेर जायचा.

एके दुपारी ती वर्गाला आली तीच ऐटीत. "गुरुजी, काल मी भित वाची."

"शाब्बास," मी म्हणालो. भिंतीवरचं काय वाचलंस, एवढं विचारलं असतं तर? नाही विचारलं. 'शाब्बास' म्हटलं आणि बाराखडीकडे वळलो.

थोड्याच वेळात रूळ वाजला. धूर कौतिकच्याच घरावर होता.

आम्ही धावलो. विहिरीपासून घरापर्यंत रांग लागली, बादल्या हातोहात निघाल्या. सांगायला हवं – मंडळानं त्या दिवशी काम चोख केलं. दोघांनी आत शिरून म्हाताऱ्या सासूला बाहेर ओढलं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, आणि ती ओरडत होती, "आगलावी! घर जाळलं गं माजं! जातानी दिवा कामून पेटता ठेवला?"

त्या घराला खिडकी नव्हती, भर दुपारीही माजघरात चिमणी लागायची. कौतिक रांगेच्या कडेला उभी होती, माझ्यापासून चार हातांवर. ती रडत नव्हती. नवल वाटल्यासारखी म्हणाली, "पन भितवर लिखेल शे ना! घर सोडताना दिवा वाढवा. मी वात वाढवी."

वात वाढवली. मोठी केली. ज्योत वर टांगलेल्या गोणपाटाला लागली, गोणपाटातून पाचटाच्या छपराला. तिनं मनाशी काय अर्थ लावला असेल? आपण बाहेर जाताना घरात दिवा मंद ठेवू नये, असं काही? की अर्थ लावलाच नाही – गुरुजींनी लिहिलंय, मारुतीच्या भिंतीवर आहे, मग बरोबरच असणार?

आरडाओरड्यात ते वाक्य बहुतेक मीच ऐकलं. मी हातातली बादली पुढच्याला दिली. म्हणालो, "आणखी बादल्या आणतो." आणि रांगेतून निघालो.

बादल्या आणायला नाही.

शाळेच्या कपाटातून चुना घेतला, गेरू घेतला, ब्रश घेतला. देवळाशी चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव आगीवर. 'वाढवा'मधली पहिली दोन अक्षरं चुन्यानं पुसली. पण ओला चुना काही लपवत नाही, हे चुना लावणाऱ्या कोणालाही विचारा. तो वाळतो तेव्हा पांढरा होतो. आतला गेरू दिसत होता. मी दुसरा हात दिला. आणि वाळायची वाट बघत उन्हात उभा राहिलो. तिकडे घर जळत होतं, रांगेत माझी जागा रिकामी होती, आणि इकडे आगनिवारण मंडळाचे सचिव भिंतीवर फुंकर घालत होते.

मग मी नीट, वळणदार अक्षरात 'विझ' लिहिलं. 'वा' होताच.

मी निघालो तेव्हा गोठ्यातली शेळी ओरडत होती. परत गेलो तेव्हा ओरडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिकनं चार माणसं देवळाशी आणली. सासरची दोघं, आबा, आणि मी. रात्रीतून गावात बोलणं पसरलं होतं, की सासूशी पटत नव्हतं, म्हणून हिनं मुद्दाम केलं. ती ताठ उभी होती. तिच्याजवळ पुरावा होता ना! म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच वाचा. सगळास्ना समोर वाचा."

काय अडचण होती मला? एवढंच म्हणायचं होतं, 'शब्द माझा, चूक माझी.' नोकरी गेली नसती. गाव चार दिवस हसलं असतं, जसं शेंगांना हसलं. पण शेंगांचं हसणं वेगळं, ते मला आवडत होतं.

मी खाकरलो आणि वाचलं. "घर सोडताना दिवा विझवा, आगीपासून गाव वाचवा."

ती भिंतीजवळ गेली. बोट टेकवून एकेक अक्षर लावलं. वि. झ. वा. बरोबर वाचलं तिनं. मीच शिकवलं होतं. मग बोट काढलं, बोटाच्या टोकाला गेरू लागला होता. तो तिनं पाहिला की नाही, मला अजून सांगता येत नाही. आबांनी पाहिला. भिंतीवर कोणता शब्द नको म्हणाले होते, हेही त्यांना आठवत असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मारुतीकडे. मग आबा म्हणाले, "चला. झालं ते झालं."

कौतिक हळूच म्हणाली, "मीच चुकनी, गुरुजी."

आणि मी – लिहायला जड जातंय – मी म्हणालो, "असू दे. नव्यानं शिकताना होतं असं."

त्यानंतर ती वर्गाला आली नाही. पाटी धुऊन, फडक्यात बांधून परत पाठवली. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा तिच्या नवऱ्यानं सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं अंगठा पुढे केला. सही येते तिला, हे तिथे फक्त मला माहीत होतं. शाईची पेटी मीच पुढे धरली.

गावात तिचं नाव 'आगलावी' पडलं. आधी भांडणात, मग सवयीनं, शेवटी शेजारच्या पोरीही "आगलावी मावशी" म्हणायला लागल्या, प्रेमानंच. सासू शेवटपर्यंत तिच्या हातचं जेवली, पण चुलीपाशी तिला एकटं सोडलं नाही. पुढे माझी बदली नाशिकला झाली. निरोपाच्या सभेत मंडळाचं कौतुक झालं, आबांनी नारळ दिला, आणि शेंगांची गोष्ट मी तिथेही सांगितली.

हे सगळं आज का काढलं? परवा चांदवडच्या स्टँडवर ती भेटली. केस पिकलेत. मला लगेच ओळखलं, पाया पडली, माझ्या पोरांची चौकशी केली. तेवढ्यात फलाटाला गाडी लागली. समोर हातभर अक्षरांत पाटी होती – मालेगाव. आपण लांबून वाचतो तशी, न वाचताही कळावी तशी. ती पाटीकडे बघतही नव्हती.

"गुरुजी," ती म्हणाली, "हाई गाडी मालेगावनी शे का? सांगा ना. माले वाचता येत नही."

मी म्हणालो, "हो. मालेगावचीच."

इतक्या वर्षांत तिच्यासाठी मी एवढंच खरं वाचलं. गाडी निघाली तरी मी हात हलवत उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. का नाही, याचं उत्तर मी घरी येईपर्यंत शोधत होतो. सापडलेली सगळी उत्तरं माझ्याच बाजूची होती, म्हणून इथे लिहीत नाही.

लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. पहिल्या अर्ध्याला ती हसली नाही. तिनं ती फार वेळा ऐकली आहे. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी ती गहू निवडत होती, आणि तिचा हात कुठे थांबला ते मी बघितलं नाही. वाचून झाल्यावर तिनं कागद मागून घेतले, लांब धरून पाहिले, आणि परत दिले.

"अक्षर अजून छान आहे हो तुमचं," ती म्हणाली. "पण ती कुठे वाचते आता?"