पानाच्या आकाराची गाळणी

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकच गोष्ट उघडपणे केली असेल, ती म्हणजे जन्मल्याबरोबर रडणं. त्यानंतर सगळं गुपित. बाजारातून वांगी आणली तरी ती वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, कोटाच्या आत धरून आणायचे. स्टेशनच्या खिडकीवर गावाचं नाव इतकं हळू सांगायचे की आतला बाबू ओरडे, "वर्धा का गोंदिया? जोरात बोला ना गा!" आणि मग अख्ख्या रांगेला कळे. घरात कोणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही." ताई, म्हणजे त्यांची पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, यांनी याच दोन शब्दांवर संसार केला.

नोकरी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत, नकाशे काढायची. सरकारचे कालवे आखता आखता त्यांनी स्वतःची म्हणून एक वस्तू आखली. चहाची गाळणी, संत्र्याच्या पानाच्या आकाराची, देठ वळवून मूठ केलेली. इतकी देखणी की मी ती हातात घेतली आणि समोरचा चहा निवून गेला. इतवारीतला एक भांड्यांचा व्यापारी ती बाजारात आणायला तयार होता, पण आकाराची सरकारदरबारी नोंदणी झाली तरच. नाहीतर उद्या कोणीही तशीच ठोकून विकली असती. मी तेव्हा एका वकिलांकडे कारकून होतो. कलकत्त्याच्या नोंदणी कचेरीला पाठवायचा अर्ज मीच तयार केला आणि मीच बजावलं, "अर्ज जाईपर्यंत ही लोकांच्या नजरेस पडली तर नोंदणी होत नाही. घरातसुद्धा बोलू नका." घरात सांगायला कायद्याची काहीच हरकत नव्हती. मी उगाच वकिली मिरवली, आणि तीही कुणापुढे!

त्यांनी तर कमालच केली. दुकानांत द्यायचे नमुने हवे होते, तर पानं खापा गावच्या कारागिराकडून ठोकून घेतली आणि देठ काटोल गावच्या दुसऱ्याच कारागिराकडून. दोघांनाही वस्तू कळायला नको! जोडकाम स्वतः, दार लावून. पेटीभर गाळण्या पलंगाखाली गेल्या.

संक्रांत होऊन गेली होती. अर्ज दुसऱ्या दिवशी टपालात पडायचा होता, फक्त त्यांची सही राहिली होती. संध्याकाळी बायको हळदीकुंकवाहून आली आणि पिशवीत हात घालून म्हणाली, "अहो, पाहा ताईनं काय वाण दिलं! बाया तर पाहून येड्या झाल्या." तिच्या हातात ते पान होतं.

मी अर्ज खिशात घालून तशीच सायकल काढली आणि महाल वस्तीतलं त्यांचं घर गाठलं. ताई दारात शेवटच्या बायकांना कुंकू लावत होत्या. "कधीच्या पडून होत्या गा पेटीत," त्या मला हसत म्हणाल्या. "यायले इचारलं तं म्हणे काही नाही. म्हटलं, काही नाही तं वाटून टाकते!"

साडू आतल्या खोलीत रिकाम्या पेटीसमोर बसले होते. मी आत जाऊन दार लोटून घेतलं.

"परत मागता येईन का, साडभाऊ?" त्यांनी विचारलं.

"वाण परत मागते का कोणी?"

बाहेरून एका बाईचा आवाज आला, "ताई, माह्या जावेसाठीबी एक द्या ना वं!" साडूंनी डोळे मिटून घेतले. मी अर्ज पुढे केला. नमुना अजून कोणी पाहिलेला नाही, असं त्यात लिहिलं होतं. "सही करून टाका. कलकत्त्याच्या साहेबाले महालातलं हळदीकुंकू काय दिसते?"

त्यांनी पेन उघडलं. बराच वेळ ते कागदावर धरून ठेवलं. माझे कान दाराकडे. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"अर्ध्या महालात उद्या तिच्यातून चहा गाळतीन, अन् मी लिहू कोणी पाहिली नाही म्हणून?" अर्ज मला परत देत ते म्हणाले, "हिले सांगू नको गा. लय खुश आहे."

इतवारीचा व्यापारी पुन्हा फिरकला नाही. दोनेक वर्षांत तशाच गाळण्या सीताबर्डीवर टोपल्यांनी विकायला आल्या. साडू त्या रस्त्यानं जाताना चष्मा पुसायला लागायचे. निवृत्त होईपर्यंत ते कालवेच आखत राहिले.

ते गेल्यावर एकदा ताईंनी मला विचारलं, "त्या गाळण्या यायनं कशासाठी केल्या होत्या गा?" खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे पाहून धीर झाला नाही.

"तुमच्या वाणासाठीच," मी म्हणालो.

"मंग मले सांगाचं तरी," ताई म्हणाल्या. "म्या थोड्या अजून मिरवल्या असत्या."