अर्धे पान

“मॅडम, रीम का नाम लिस्ट में नहीं है।” मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर अन्नम्माचा फोनवरचा आवाज एरवी ओल्या वाळूसारखा थंड असे. त्या दिवशी तो कोरडा पडला होता. “ऑपरेशनवाले दरवाज़े पे खड़े हैं। बैग दे दूँ?”

रीम आठ वर्षांची. थॅलेसेमियामुळे तिला दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागे आणि तिच्या रक्ताशी जुळणारी पिशवी फार क्वचित मिळे. आज ती मिळून वॉर्डात आली होती.

रियाधमधल्या त्या रुग्णालयात मी प्रोग्रॅमर होते. स्त्रियांचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. पुरुष सहकाऱ्यांशी आमचा व्यवहार फोनवरूनच चाले. त्यांतल्या बहुतेकांचे मला केवळ आवाज ठाऊक होते. रक्तपेढीतले इजिप्शियन उस्ताद (तिकडे ‘साहेब’ अशा अर्थाने) हमदी हाही असाच एक आवाज, घोगरा आणि हसरा. कोणासाठी कोणती पिशवी राखून ठेवली आहे, याची यादी ते रोज सकाळी नोटपॅडमध्ये टाइप करून आतल्या वेबसाइटवर चढवत. पावणेबाराला माझा प्रोग्रॅम ते पान वाचे आणि वॉर्डात यादी छापे. यादीत नाव नसलेली पिशवी मोकळी. ज्याला हवी त्याने न्यावी.

मी पान उघडले. नऊ नावे, सुबक तक्ता. रीम नव्हती.

हमदींना फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग आमचे प्रमुख देशपांडे सरांना लावला.

“पानावर नाव आहे?”

“नाही, सर.”

“प्रोग्रॅमने काय छापलं?”

“तेच. नऊ.”

“अहो, मग तुमचा प्रोग्रॅम बरोबरच आहे की! डॉक्टरांनी रद्द केलं असेल. रक्तपेढीच्या पिशव्या अडवणारे आपण कोण?”

तर्कात खोट नव्हती. दाराआड टांगलेल्या आमच्या काळ्या अबायांना बखूरच्या धुपाचा गोडसर वास चिकटून होता. पण रद्द झाले असते, तर अन्नम्माला आधी कळले नसते का?

मी पानाचा मूळ मजकूर उघडला. वेबपानात दिसणाऱ्या शब्दांच्या मागे खुणा असतात: इथे तक्ता सुरू, इथे ओळ सुरू, इथे ओळ संपली. हमदी या शेवटच्या खुणा हमखास विसरत. म्हणून मी एक लायब्ररी जोडली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅमला जोडता येणारा तयार कोड. ही लायब्ररी पानातल्या खुणा ओळखून मजकूर वेगळा काढी आणि राहिलेल्या खुणा मुकाट्याने भरून घेई. तिच्या या गुणाचे मी मीटिंगमध्ये कौतुकही केले होते.

मूळ मजकूर नवव्या नावानंतर दहाव्या ओळीत शिरला होता. तिथे ओळ सुरू झाल्याची खूण. पुढे काहीच नाही. ना नाव, ना ओळीचा शेवट, ना तक्त्याचा. लायब्ररीने ती रिकामी ओळ गाळून, उघडी टोके शिवून, माझ्या हाती पूर्ण दिसणारी यादी ठेवली होती. ब्राउझरनेही तेच केले होते.

त्याच वेळी मला खिडकीबाहेरची शांतता ऐकू आली. अजान होऊन गेली होती. दुपारची, जुहरची नमाज चालू होती, म्हणून हमदींचा फोन नुसताच वाजत राहिला होता.

“सिस्टर, बैग मत दीजिए।”

“किसके कहने पर, मॅडम? ये लोग चिल्ला रहे हैं।”

“मेरे. मेरा प्रोग्रॅम ग़लत है, ऐसा बोलिए।”

“लिख के देंगी?”

“दूँगी।”

फॅक्स पाठवताना कागद यंत्रात तिरका गेला. तो ओढून सरळ केला आणि पुन्हा घातला. माझी समजूत चुकीची ठरली, तर ऑपरेशन टेबलावरचा माणूस माझ्यामुळे खोळंबणार होता.

बारा वाजून सात मिनिटांनी हमदींनी फोन उचलला.

“उस्ताद, आजचं पान?”

“अर्धं झालंय, मॅडम. अजान झाली, सेव्ह केलं, नमाजला गेलो. लाइट गेली तर पुन्हा कोण टाइप करणार? तुम्ही येणार खाली?” ते हसले.

“रीम?”

“रीम बाराव्या नंबरवर. तिचं कोण रद्द करील?”

उन्हाळ्यात जुहरची अजान जवळपास बाराला होई. तोवर त्यांचे टाइप करणे आटोपलेले असे. हिवाळ्याकडे ती वीसेक मिनिटे अलीकडे सरकली आणि माझ्या पावणेबाराच्या आधी येऊन बसली. घड्याळ पाहून वेळ ठरवताना हे माझ्या मनातही आले नव्हते.

ऑपरेशनसाठी दुसरी पिशवी मिळाली. चार वाजता रीमला रक्त चढू लागले. अन्नम्माने फोनवर इतकेच सांगितले, “सो गई।”

दुसऱ्या दिवसापासून हमदी यादीच्या तळाशी ‘खलास’ लिहू लागले. तो शब्द मूळ मजकुरात दिसेपर्यंत प्रोग्रॅम काहीही छापत नसे.

देशपांडे सरांनी अहवालासाठी विचारले: दोष कोणाचा? मी लिहिले: माझा. पान नीट आहे का, हे मी तपासले होते. ते संपले आहे का, हे तपासले नव्हते.