मारेकऱ्याचा आवाज

त्या हिवाळ्यात मी एका मारेकऱ्याचं पुस्तक वाचत होते. मनात नव्हे, मोठ्यानं. नोएडात एका इमारतीच्या तळघरात लहानसा स्टुडिओ आहे, तिथे मराठी ऑडिओबुकं रेकॉर्ड होतात. कॉलेजात नाटकांतून कामं केली होती, तेवढ्या भांडवलावर मला तिथे काम मिळालं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात आलो, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुलगी इथेच वाढली.

पुस्तकातलं शहर भयंकर होतं. तिथल्या प्रत्येक खांबावर कान बसवलेले आणि प्रत्येक माणसाचा आवाज सरकारदरबारी नोंदवलेला. ज्या सरकारनं आयुष्यभर या मारेकऱ्याकडून माणसं मारून घेतली, तेच आता त्याच्या मागावर असतं. तोंड उघडलं की सापडला, म्हणून तो बोलणंच सोडतो. एक म्हातारी त्याला आपल्या घरात लपवते. मुक्यानं पळत राहणाऱ्या त्या माणसाच्या मनातलं सगळं मी वाचायचं होतं, पानामागून पान.

मेट्रो बदलत बदलत नोएडा गाठायचं, खोकला दाबत काचेच्या खोलीत बसायचं, संध्याकाळी त्याच वाटेनं परत. दिवाळीनंतर हवा नेहमीसारखी बिघडली. मास्क लावूनही घशात राख बसल्यासारखं वाटायचं. मी गरम पाणी पीत, ज्येष्ठमध चघळत वाचत राहिले. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ मेरठचे, पन्नाशीचे, मितभाषी. त्यांना मराठीचा गंध नव्हता. आवाज फाटला की ते फक्त हात वर करायचे. त्या महिन्यात त्यांचा हात फार वेळा वर व्हायला लागला.

शेवटची चार प्रकरणं राहिली असताना माझा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला आणि म्हणाल्या, "बोलना बिल्कुल बंद. फुसफुसाना भी नहीं." म्हणजे कुजबुजायचंही नाही.

पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? कुणाला उत्तर द्यायचं नाही, भाजीवाल्याशी घासाघीस नाही. पांघरूण घेऊन पडून राहायचे. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. मी गप्प झाले आणि घरातलं मराठीच थांबलं. नवरा आणि मुलगी जेवताना हिंदीत बोलत होते. मुद्दाम नव्हे. पूर्वीही ते असेच सुरू करत असणार. मी मध्येच काहीतरी विचारायचे, मग गाडी मराठीवर यायची. आता ती वळवायला कुणी नव्हतं. "पापा, दही पास करना," मुलगी म्हणाली, आणि त्यानं "ये लो" म्हणत वाटी पुढे केली. मी समोर बसून आमटी-भात कालवत होते. मला राग आला नाही. फक्त फार थकल्यासारखं झालं.

अशात एका दुपारी निर्मात्याचा फोन आला. मुलीनं स्पीकरवर लावला.

"मॅडम, आप आराम कीजिए," तो म्हणाला. "आपली इतकी रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे, उरलेलं मशीन आपल्याच आवाजात वाचेल. सॅम्पल पाठवलंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

तो मूळचा सोलापूरचा, पण त्याचीही भाषा आमच्या घरासारखीच झालेली.

सॅम्पल आम्ही दोघींनी ऐकलं. आवाज माझाच होता. माझ्याहून बरा. खरखर नाही, दम लागत नाही. मशीननं शेवटचंच पान वाचलं होतं. म्हातारी मारेकऱ्याला मागच्या दारातून बाहेर काढते आणि एकच शब्द बोलते, "जग." म्हणजे जिवंत राहा. मशीन म्हणालं, जग. 'जन्म'मधला ज लावून. म्हणजे दुनिया.

मी मुलीच्या हातातून फोन घेतला आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 'चुकीचं म्हटलंय.'

"काय चुकलं? जगच तर आहे," ती म्हणाली. आणि तिनंही तो शब्द मशीनसारखाच म्हटला.

मी डॉक्टरीणबाईंचं ऐकलं नाही. घोगऱ्या आवाजात तिला दोन्ही म्हणून दाखवले. आधी 'जन्म'मधला ज, मग 'जवळ'मधला.

"अच्छा," ती म्हणाली. "हा फरक असतो? तू कधी सांगितलंच नाहीस."

सांगायचं असतं हे मला कुठे माहीत होतं? मला तरी कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी निर्मात्याला कळवलं की उरलेलं मीच वाचेन, थांबावं लागेल. तो वैतागला. "मॅडम, लोक संदर्भानं समजून घेतात. एका शब्दासाठी?" पण थांबला. घसा सुटायला महिना गेला, आणि सुटला तोही अर्धवट. रोज पाच-सहा पानं व्हायची, मग आवाज चिरकायचा आणि मी घरी यायचे. काही वाक्यं इतक्यांदा घेतली की त्यांचा अर्थच उडून गेला. आपण हे कशासाठी करतोय, असं मेट्रोत उभ्याउभ्या वाटायचं. ठरलेलं उत्तर नव्हतं. नाही म्हटलं होतं, म्हणून करत होते.

पुस्तक बाजारात आल्यावर कुणीतरी लिहिलं की शेवटी वाचणाऱ्या बाईंचा आवाज खराब झालाय, ऐकताना त्रास होतो. खरंच होतं ते.

पण रेकॉर्डिंग संपलं त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. शेवटचं वाक्य झालं. काचेपलीकडचा हात वर झाला नाही. मी बाहेर आले तर मेरठच्या गृहस्थांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते. दोन चहा मागवलेले.

"मॅडम, एक बात पूछूं?" ते म्हणाले. "वो अपनी बेटी से मिला कि नहीं?"

"कौन?"

"वही, जो भागता रहता है. इतने दिन से ढूंढ रहा है बेचारा."

एवढे दिवस माझा आवाज कानात घेऊन ते बसले होते आणि शब्द कळत नव्हते म्हणून त्यांनी आपली एक गोष्ट रचली होती. हरवलेल्या मुलीला शोधत फिरणाऱ्या बापाची. मी खुर्ची ओढून बसले. घसा दुखत होता, तरी त्यांना सगळं हिंदीत सांगितलं. तो मारेकरी आहे, मुलगीबिलगी कुणी नाही, खांबांवरचे कान, म्हातारी, मागचं दार.

ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "अच्छा, खून करता था. आवाज से तो नहीं लगा." चहाचा घोट घेऊन विचारलं, "फिर बचा?"

"किताब में लिखा नहीं है."

"थक गया होगा," ते म्हणाले, आणि किटलीत उरलेला चहा माझ्या कपात ओतला.