हा तेर्यो का?

आमच्या गावात पवित्र आठवड्याचा एक नियम आहे, आणि तो काही पाद्रीबाबांनी घालून दिलेला नाही. मुखवटा घातलेल्या माणसाला ओळखायचं नाही. आता ओळख पटत नाही असं थोडंच आहे? इथे माणूस नुसता खोकला तरी कोणाच्या घरचा ते कळतं. पण कळलं तरी डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं. सोमवारपासून ईस्टरच्या रविवारपर्यंत रोमन शिपायांचे लाकडी मुखवटे चढवून जे पुरुष उन्हातान्हात गावभर फिरतात, त्यांना आम्ही मोरियन म्हणतो. त्यातले काही हौसेचे असतात, त्यांचं सोडा. पण जो नवसाचा मोरियन असतो, त्याचं नाव त्याची बायकोसुद्धा घेत नाही. तिसऱ्याच्या तोंडी नाव आलं की नवस फुकट गेला. झाकली मूठ, दुसरं काय.

एलेउतेरियो मातियेन्सो, म्हणजे आमचा तेर्यो, नवसाचा मोरियन होता. आणि ते अख्ख्या गावाला माहीत होतं.

न माहीत असायला काय झालं? तरुणपणी माडावरून पडला तेव्हापासून त्याचा डावा पाय ओढतो. धुळीत एका पावलाशेजारी एक लांब रेघ दिसली की समजायचं, तेर्यो इथून गेला. वरून वर्षभर करवंट्यांच्या धुरावर खोबरं वाळवायचं काम, तो वास कातडीत मुरलेला. मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा, बापाने कोरलेला, भुवया जरा जास्तच चढलेल्या. इतक्या खुणा असून कुणी ब्र काढला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातली कोन्चिंग, जिच्या तोंडाला एरवी कुलूप म्हणून नाही, तीसुद्धा दारावरून तो मोरियन गेला की गार पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवायची आणि मुद्दाम पाठ फिरवून साबणाच्या वड्या मोजत बसायची.

नवस कशासाठी, हेही लोक समजून होते. डेल्फिनसाठी.

डेल्फिन हा तेर्योचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर खलाशी. पहिल्यांदा जहाजावर निघाला त्याच्या आदल्या दिवशी त्याने बापाच्या नावाने सोशल मीडियावर खातं उघडून दिलं होतं. बापाला अंगणात उभं केलं आणि समोरून, डावीकडून, उजवीकडून, हसताना, न हसताना असे ढीगभर फोटो काढून त्यात चढवले.

"अरे, एवढे कशाला? मी काय निवडणुकीला उभा आहे?" तेर्यो म्हणाला होता.

"या मशीनला तुमचा चेहरा पाठ व्हायला पाहिजे, बाबा. मग तुम्ही कुठल्याही फोटोत असलात तरी मला समुद्रावर कळेल."

पोरगं गेलं. दोन वर्षांनी तेर्योची बायको साल्व्हासियॉन आजारी पडली, आणि तिने तेर्योकडून शपथ घेतली की डेल्फिनला कळवायचं नाही. पोर काम सोडून धावत येईल, पुन्हा जहाजावर कोण घेणार त्याला? तेर्यो फोनवर मुलाला सांगत राहिला, आई बाजारात गेली आहे, आई झोपली आहे, आई शेजारी गेली आहे. ती गेली, तिला पुरलं, मग जहाज कुठल्या तरी बंदराला लागलं तेव्हा त्याने खरं सांगितलं. डेल्फिन म्हणाला, "लपवायला चांगलं जमतं तुम्हाला. आता मला शोधू नका." त्यानंतर फोन नाही, पैसा नाही, निरोप नाही. जिवंत आहे की नाही तेही कळेना.

बायकोचा शब्द पाळला आणि मुलगा गमावला. तेर्योने हे कुणाला सांगितलं नाही, सांगणार तरी कुणाला? एकट्याचा भात एवढासा शिजतो की भांड्याच्या बुडालाच लागतो. तो करपलेला भात आणि सुकी मासळी खाऊन माणूस वर्षानुवर्षं राहिला, आणि दर पवित्र आठवड्यात मुखवटा चढवून चालला. मागणं एवढंच की पोर जिवंत असेल तर एकदा त्याची खूण कळू दे.

आणि मग तो फोटो आला.

गुड फ्रायडेची दुपार होती, ऊन मी म्हणत होतं. तेर्योला भोवळ यायला लागली म्हणून तो देवळामागच्या भिंतीआड गेला, मुखवटा कपाळावर सरकवला आणि पाणी प्यायला. तेवढ्यात मनिलाहून आलेल्या कुणा पाहुण्याने फोन उचलून टिपलं. त्याला चित्र आवडलं असणार: दमलेला म्हातारा, चढलेल्या भुवयांचा मुखवटा, हनुवटीवरून गळणारं पाणी. विचारायची पद्धत नाहीच हल्ली. त्याने फोटो सोशल मीडियावरच्या गावाच्या पानावर चढवला, नाव नाही, काही नाही, नुसतं लिहिलं, "तहानलेला शिपाई".

इथपर्यंतही बिघडलं नव्हतं. गावातल्या शंभर जणांनी तो फोटो पाहिला आणि शंभर जण गप्प बसले. गप्प बसलं नाही ते मशीन. त्या चेहऱ्याभोवती त्याने एक चौकोन काढला आणि तेर्योच्या ओळखीतल्यांना विचारलं: हा तेर्यो मातियेन्सो का? खाली दोनच बटणं, हो आणि नाही.

कोन्चिंगने 'हो' दाबलं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तेर्यो मीठ आणायला दुकानात गेला, तर बाकावर बसलेला एक जण दात काढून म्हणाला, "काय शिपाईदादा, तहान भागली का?" दुसरा म्हणाला, "एवढा देखणा दिसतोस हे आधी सांगायचं ना, लग्न लावलं असतं तुझं." वाईट मनाने नाही म्हणाले. नाव उघड्यावर आलंच होतं, तेव्हा त्यांनाही वाटलं, आता काय झाकायचं. पण तेर्यो बाकाचा कोपरा धरून खाली बसला.

"कुणी सांगितलं?"

कोन्चिंग फळीमागे मान घालून उभी होती. "कुया तेर्यो," ती म्हणाली. आमच्याकडे थोरल्या भावाला कुया म्हणतात, आणि ती त्याला लहानपणापासून तसंच म्हणते. "कुया, आईची शपथ, तोंडाने मी एक शब्द बोलले नाही. एवढी वर्षं बोलले का कधी? पण त्याने विचारलं हो. सरळ विचारलं, हा तेर्यो का म्हणून. विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? खोटं बोलायचं, तेही गुड फ्रायडेला?"

आता हसावं की रडावं! माणसाने विचारलं असतं तर हीच बाई त्याला झाडूने हाकलून देती. पण मशीनने विचारलं म्हटल्यावर ते तिला सरकारी चौकशीसारखं वाटलं. अशी चूक आमच्याच गावात व्हायची. त्या मशीनला सगळं ओळखता येतं, फक्त ओळखून गप्प बसता येत नाही. आणि चेहरा बघा कुणाचा? तेर्योचा. शिकवला कुणी? पोटच्या पोराने, प्रेमाने. वापरला कुणी? ज्याला तेर्यो कोण हे सात जन्मांत कळायचं नाही त्याने.

"नवस गेला, कोन्चिंग," तेर्यो म्हणाला.

"जात नाही हो असा."

"गेला. माझी आई सांगायची." त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. "एवढं एकच होतं माझ्याकडे, त्याच्यासाठी करण्यासारखं. आता काय करू मी?"

बाकावरचे दोघे उठून निघून गेले. कोन्चिंग फळीबाहेर आली, चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. "पुसून टाकू नाव. जसं लावलं तसं काढू. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही निघालं. नाव काढायला तेर्योचं खातं उघडायला हवं, आणि खात्याचा परवलीचा शब्द डेल्फिनबरोबर समुद्रावर गेलेला. मग फोन म्हणाला, ठीक आहे, तुम्हीच तुम्ही आहात हे दाखवा. चेहरा चौकोनात आणा.

"म्हणजे?" तेर्यो म्हणाला.

"म्हणजे फोटो काढून द्यायचा पुन्हा."

"ज्याने चोरलं त्यालाच पुन्हा आणून द्यायचं?"

"वाद घालू नका, कुया. सरळ बघा. आता डावीकडे वळा. उजवीकडे. हनुवटी वर."

तेर्यो वळला. डावीकडे, उजवीकडे. आणि मध्येच तो थांबला, कारण अंगणात डेल्फिनने अगदी असंच वळायला लावलं होतं, आणि साल्व्हासियॉन दारात उभी राहून हसत होती. घरात तीन माणसं होती तेव्हा.

खातं उघडलं. कोन्चिंगने तो फोटो उघडला, खाली ज्यांनी ज्यांनी आवडल्याचा अंगठा दिला होता त्यांची नावं बोटाने सरकवत गेली आणि एकदम थांबली.

"काय झालं?"

तिने फोन त्याच्या हातात दिला. तेर्योला वाचायला वेळ लागतो. त्याने नाव ओठांनी जुळवलं. डेल्फिन मातियेन्सो. नावापुढे अंगठा. शब्द नाही, बाबा नाही, कसे आहात नाही. नुसता एक निळा अंगठा.

"आहे," तेर्यो म्हणाला. "माझं पोर आहे." आणि तो दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्याने रडला. कोन्चिंगही रडली आणि गिऱ्हाइकांवर खेकसली.

डोळे कोरडे झाल्यावर ती म्हणाली, "काढू ना नाव?"

"काढलं तर त्याला दिसेल का फोटो?"

"नाव होतं म्हणून त्याच्यापर्यंत गेला. नाव गेलं की संपलं."

तेर्योने फोन तिला परत दिला. "राहू दे मग," तो म्हणाला.

डेल्फिनला त्यांनी निरोप पाठवला: बाबा बरे आहेत, तू कसा आहेस. उत्तर आलं नाही. वर्षभर दर रविवारी कोन्चिंगने तेर्योचा दुकानासमोर उभा करून फोटो काढला, नव्या शर्टात, जुन्या शर्टात, एकदा तर तिच्या मांजराला कडेवर घेऊन. मांजराला पुष्कळ अंगठे आले. डेल्फिनचा आला नाही.

विचार करून करून तेर्योला एक गोष्ट उमगली. परमुलखातली पोरं एरवी गावाकडे बघत नाहीत, पण पवित्र आठवड्यात चुकवत नाहीत. चौकातले मोरियन बघायला सगळी येतात, फोनवर का होईना. डेल्फिनने बापाला पाहिलं ते मुद्दाम नाही, मोरियन बघता बघता. तेव्हा त्याला दिसायचं असेल तर तिथेच दिसलं पाहिजे.

म्हणून पुढच्या पवित्र आठवड्यात तेर्योने मुखवटा खुंटीवरून काढलाच नाही. दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि देवळाच्या पायऱ्यांवर मधोमध जाऊन बसला. समोरून मोरियन जात होते, काठ्या आपटत, मुलांना भिववत. पाहुण्यांचे फोन वर होते. जो माणूस एवढी वर्षं चेहरा लपवून फिरला, तो प्रत्येक फोनकडे तोंड करून बसला होता, ऊन डोळ्यांत जात होतं तरी.

लांबच लांब लेन्स लावलेली एक पोरगी जवळ आली. तेर्यो ताठ बसला.

"काका," ती गोड आवाजात म्हणाली, "जरा बाजूला सरकता का? फोटोत येताय."

तो सरकला. मग दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, आणखी थोडं सरकला. रविवारी दुपारी तो पायरीच्या अगदी टोकाला, खांबापाशी बसलेला होता.

सोमवारी सकाळी तो दुकानात आला. कोन्चिंगने गावाचं पान उघडून ठेवलंच होतं. दोघांनी सगळे फोटो पाहिले. मुखवटे, मुखवटे, पुन्हा मुखवटे. शेवटी एका फोटोच्या कडेला खांबाआडून एक पांढरा खांदा आणि अर्धा कान दिसला.

"हा मी," तेर्यो म्हणाला.

"हो, तुम्हीच."

"विचारत नाही ते? हा तेर्यो का म्हणून?"

कोन्चिंगने फोन हलवला, पान पुन्हा उघडलं, थोडा वेळ थांबून पाहिलं. चौकोन काही उमटला नाही.

"एवढ्याशा कानावरून कसं ओळखेल ते, कुया."

तेर्योने मान हलवली. तो जायला उठला, दारापर्यंत पाय ओढत गेला आणि परत आला.

"मग तूच सांग ना त्याला," तो म्हणाला. "सांग, हा तेर्यो आहे म्हणून."

कोन्चिंगने चष्मा झग्याला पुसला. त्या अर्ध्या कानावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर शोधत त्याचं नाव लिहिलं. मग फोन फळीवर दोघांच्या मध्ये ठेवला, आणि दोघं त्याच्याकडे बघत बसली.